मर्व्हिनचा बटणांचा डबा

मर्व्हिन हॅस्किनच्या टेबलावर कायम एक पत्र्याचा डबा असायचा. मुळात बिस्किटांचा. झाकणावरची राणी झिजून झिजून तिचा मुकुट आणि नाक एवढंच उरलं होतं. आत बटणं. त्याची आई शिवणकाम करायची. ती गेल्यावर घरातल्या सगळ्या वस्तू त्याने बहिणीला देऊन टाकल्या आणि हा डबा तेवढा स्वतःकडे ठेवला. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा ऑफिसात बसून शर्टाला बटणं लावतो की काय. म्हातारा कसला, तेव्हा पन्नाशीचा होता. पण खांदे पुढे आलेले, स्वेटर एकच, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला घाई असली तर त्याने आधीच निघून जावं.

मी कोल्हापुरातून ऑस्ट्रेलियात, होबार्टला आले एकोणऐंशी साली, आणि चौऱ्याऐंशीत धक्क्यावरच्या मच्छीमार सोसायटीच्या रेडिओ-खोलीत कामाला लागले. इथे साहेबालाही नावानेच हाक मारतात, म्हणून मी त्याला मर्व्हिन म्हणायचे आणि लिहितेही तसंच. मनात मात्र त्याला अहो-जाहोच होतं, शेवटपर्यंत.

आमचं काम सांगायला सोपं होतं. दक्षिणेकडे शेवंड पकडायला गेलेल्या बोटी दिवसातून दोनदा, सकाळी आठला आणि दुपारी चारला, रेडिओवर यायच्या. बोटीचं नाव, कुठे आहे ते, आणि सगळं ठीक. कोरल नावाची बाई कानाला यंत्र लावून ते ऐकायची आणि जसं ऐकू येईल तसं टाईप करायची. चाळीस-चाळीस बोटी एकामागून एक. तिला मान वर करायला फुरसत नसायची. तिने टाईप केलेली प्रत्येक ओळ कॉम्प्युटर वाचायचा, त्यातून बोटीचा ठावठिकाणा वेगळा काढायचा, आणि ज्या ओळीत ठिकाण सापडलं नाही ती बोट लाल यादीत टाकायचा. लाल यादीत नाव आलं की त्या बोटीला लगेच पुन्हा हाका मारायच्या, उत्तर नाही आलं तर जवळची दुसरी बोट पाठवायची. त्या यादीवर आख्खा किनारा विसंबून होता.

ओळीतलं ठिकाण ओळखायचं तर ते दिसतं कसं हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्याला आम्ही नमुना म्हणायचो. माणूस तो एका ओळीत लिहितो: आधी हे अक्षर, मग कितीही आकडे, मग वाटलं तर मोकळी जागा. कॉम्प्युटरला ती ओळ जशीच्या तशी कळत नाही. मर्व्हिनने लिहिलेला प्रोग्राम आधी ती ओळ फोडायचा आणि तिचे बारीक बारीक हुकूम करायचा, प्रत्येकाला एक क्रमांक. टिंब असेल तर घे आणि पुढे हो. इथे दोन वाटा आहेत, पहिली धर, दुसरीची खूण ठेव. मागे चौथ्या हुकमाकडे जा. अडलास तर शेवटच्या खुणेपाशी परत ये आणि राहिलेली वाट धर. सापडलं, थांब. अशी चौदा-पंधरा हुकमांची यादी झाली की ती साठवून ठेवायची. पुढे रोज कॉम्प्युटर ती यादीच चालवायचा, मूळ नमुन्याकडे पुन्हा कुणी ढुंकून बघत नसे.

बटणं होती ती यासाठी. कुणीही नवा नमुना फोडला की हुकमांची यादी छापून मर्व्हिनसमोर ठेवायची. तो डाव्या हाताची पेन्सिल पहिल्या हुकमावर ठेवायचा, उजव्या हाताचं बोट कोरलच्या एखाद्या संदेशाच्या पहिल्या अक्षरावर, आणि मग स्वतःच यंत्र होऊन चालायला लागायचा. दोन वाटा आल्या की त्या जागी एक बटण. अडला की शेवटचं बटण उचलून मागे. ओठ हलत असायचे. जुळलं की यादीखाली नावाची दोन अक्षरं टाकायचा. नवीन नमुना वापरात यायला ती दोन अक्षरं लागायचीच. कोरल त्याची मस्करी करायची, म्हणायची, "काय मर्व्हिन, आज त्या मोर कोरलेल्या बटणाने तुला किती गावं फिरवून आणलं?" तो मान न उचलता म्हणायचा, "गाव तेच, बाई. परत परत तिथेच येतोय."

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात त्याला स्वतःच्या प्रोग्राममधली एक खोड सापडली. एका फेऱ्याच्या पोटात दुसरा फेरा असेल, आणि शेवटी हवी ती गोष्ट मिळालीच नाही, तर यंत्र सगळ्या खुणांवर परत परत येत राहतं. तीन टिंबं असली तर चार बटणं. चौथं टिंब आलं की आठ, पाचवं आलं की सोळा. दर टिंबाला दुप्पट. दहाव्या टिंबाला त्याचा डबा संपला आणि तो पांढराफटक होऊन बसला. मग महिनाभर खपून त्याने नमुना फोडतानाच तपासणी बसवली. असा नमुना आला की स्क्रीनवर एक ओळ यायची: फेऱ्यात फेरा आहे, हे कदाचित संपणार नाही. नमुना फोडताना एकदाच यायची, फोडणाऱ्याच्याच स्क्रीनवर. यादीवर छापली जायची नाही. यादीत फक्त हुकूम.

ती ओळ मला दिसली होती. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर आहे.

अठ्ठ्याऐंशीचा मार्च. रेडिओत खरखर असली की कोरल न ऐकू आलेल्या शब्दांच्या जागी टिंबं मारायची. खरखर जितका वेळ चालेल तितका वेळ तिचं बोट टिंबावर आपटत राहायचं; तिचा हातच तसा बसला होता. मधल्या टिंबांमुळे जुना नमुना चकायचा आणि बोटी उगाच लाल यादीत जायच्या. मी नवा लिहिला: कितीही टिंबं, मग वाटलं तर मोकळी जागा, हे कितीही वेळा, आणि मग ठिकाणाचे आकडे. एका दमात लिहिला, पहिल्याच फटक्यात फुटला. मी खूश. स्क्रीनवर ती ओळ आली. ती याआधीही मी दोन-तीनदा पाहिली होती आणि तेव्हा काही बिघडलं नव्हतं. सासूबाईंची कुरकुर असते तशी ती मला वाटायची. चार वाजायला आले होते, बोटी बोलायला लागतील, म्हणून मी बटण दाबून पुढे गेले. मनात म्हटलं, संध्याकाळी मर्व्हिनला सांगू. संध्याकाळी विसरले.

यादी मात्र नियमाप्रमाणे त्याच्यापुढे ठेवली. चाचणीचा संदेश मीच दिला होता, तीन टिंबांचा, शेवटी व्यवस्थित आकडे. त्याने बटणं मांडली, चालून पाहिलं, लगेच जुळलं. यादीत फेऱ्यात फेरा होता, पण हुकमांच्या रूपात तो पटकन दिसत नाही. आणि दिसायची गरज काय, तपासणी आहे की. त्याने दोन अक्षरं टाकली.

सोळा ऑगस्ट. दक्षिणेला वारं उठलं होतं. दुपारच्या फेरीत अ‍ॅथल डीक्सची ‘विनिफ्रेड’ बोट बोलली. अ‍ॅथल एकटाच होता बोटीवर. कोरलला बोटीचं नाव ऐकू आलं आणि त्यापुढे नुसती खरखर. तिने नाव टाईप केलं आणि टिंबं मारली. एकतीस टिंबं, शेवटी आकडा नाही. मग ती पुढच्या बोटीकडे वळली, कारण अशी ओळ लाल यादीत जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. यादी तिच्यासमोरच होती, स्वच्छ, एकही नाव नाही. कॉम्प्युटर अ‍ॅथलच्या टिंबांत अडकून मागे-पुढे करत होता, आणि त्याच्यामागे बाकीच्या बोटी खोळंबल्या होत्या. ही बाब लक्षात यायला दोन तास दहा मिनिटं गेली. ‘विनिफ्रेड’ खडकांवर सापडली. अ‍ॅथल तिसऱ्या दिवशी सापडला.

वादळ जितकं मोठं तितकी खरखर जास्त, खरखर जितकी जास्त तितकी टिंबं जास्त, आणि टिंबं जितकी जास्त तितकं आमचं यंत्र बहिरं. मी लिहिलेल्या नमुन्याचा अर्थ हा होता.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मर्व्हिनने माझा नमुना स्वतः पुन्हा फोडून बघितला. स्क्रीनवर ती ओळ आली. त्याने मला बोलावलं.

"मार्चमध्ये तू हे फोडलंस तेव्हा ही ओळ आली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

"नीट आठव. घाई नाही."

"काहीच आलं नव्हतं, मर्व्हिन."

त्याने मान हलवली. माझ्या डोळ्यांत बघितलं असतं तर त्याला कळलं असतं, पण तो कधी कुणाच्या डोळ्यांत बघायचाच नाही. "मग ती कधीकधी गप्प बसते," तो म्हणाला. "आत कुठेतरी चूक आहे माझी."

मी घाबरले होते. नोकरी जाईल याची भीती नव्हती. अ‍ॅथलच्या बायकोची, ईलेनची, भीती होती. ती धक्क्यावर यायची, मला ओळखायची, ख्रिसमसला केक द्यायची. तिने माझ्याकडे बघावं आणि तिला ठाऊक असावं, हे मला नको होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं, नाही मिळालं.

नोव्हेंबरात कोरोनरपुढे, म्हणजे अपघाती मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चौकशी झाली. मला विचारलं, मी तेच सांगितलं. मर्व्हिन उभा राहिला आणि त्याने आपल्या संथ आवाजात हुकूम काय, खुणा काय, सगळं समजावलं. कोरोनरला किती समजलं देव जाणे. शेवटी तो म्हणाला की सावध करणारी तपासणी त्याची होती, ती बोलायला हवी होती ती बोलली नाही, यादीवर सहीही त्याचीच आहे, तर जबाबदारी त्याची. वेळेवर हाका मारल्या असत्या तर अ‍ॅथल वाचला असता का, हे नक्की सांगता येणार नाही, पण शक्य होतं, असं कोरोनरने लिहिलं. ईलेन पहिल्या रांगेत बसली होती. निघताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मर्व्हिनकडे तिने बघितलं नाही.

पुढच्या वर्षी सोसायटीने मेलबर्नहून नवा प्रोग्राम आणला. मर्व्हिनचा काढून टाकला. त्याला साठा-खोलीत दोर आणि पिंपं मोजायला बसवलं, आणि तो बसला. आपल्या प्रोग्रामची छापील प्रत तेवढी त्याने मागून घेतली. वीतभर जाडीचा गठ्ठा होता. त्या दिवसापासून तो चूक शोधायला लागला.

जो प्रोग्राम जगात कुठे चालत नव्हता त्यातली चूक. साठा-खोलीतल्या खोक्यांवर कागद पसरून, पेन्सिल आणि बटणं घेऊन. आधी तो नमुने चालवायचा. आता नमुने फोडणारा प्रोग्रामच हाताने चालवायला लागला. एक अक्षर वाचलं, एक हुकूम टाकला, कंस उघडला, बटण ठेवलं. आठवड्याला दोन पानं व्हायची. मी जेवणाच्या सुट्टीत सँडविच घेऊन त्याच्यासमोर बसायचे. मला माहीत होतं की तिथे काहीही नाही. तपासणी बोलली होती. ती नीट, वेळेवर, स्पष्ट बोलली होती. मी हे एक वाक्य म्हटलं असतं तर तो गठ्ठा त्याच दुपारी बंद झाला असता. रोज मी ते वाक्य जुळवून जायचे आणि रोज सँडविच खाऊन परत यायचे. एकदा तर तोंड उघडलंही. तेवढ्यात तो म्हणाला, "तू येतेस, बरं वाटतं. बाकी कुणी इथे उतरत नाही." मी सँडविचचा कागद घडी करून वर आले.

इथे हिवाळा जूनमध्ये लागतो. दर मे महिन्यात तो ईलेनच्या गावी, डोव्हरला जायचा आणि तिच्या अंगणात हिवाळ्याची लाकडं फोडून, रचून द्यायचा. पहिल्या वर्षी तिने दारच उघडलं नाही. तिसऱ्या वर्षीपासून पायरीवर चहाचा कप ठेवायला लागली. बोलणं नाही. तो कप विसळून पायरीवर पालथा घालून यायचा. मला हे त्याच्या बहिणीने, डोरीनने, सांगितलं. म्हणाली, "त्या गठ्ठ्यापायी वेडा झालाय माझा भाऊ. तू तरी सांग त्याला, तुझं ऐकतो तो." मी म्हटलं, सांगते.

चौऱ्याण्णवमध्ये तो निवृत्त झाला. गठ्ठा मूनाहच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेला. गुरुवारी मी खिचडी किंवा सार घेऊन जायचे; त्याला सार आवडायचं, "तुझं ते लाल पाणी" म्हणायचा. जेवायला टेबलावर जागा नसायची, आम्ही ताटल्या मांडीवर घ्यायचो. त्याची नजर अधू होत चालली, मग मोठं भिंग आलं. छातीत पाणी व्हायला लागलं, तरी पानं चालूच होती.

सत्त्याण्णवच्या जुलैत तो हॉस्पिटलात होता. गुरुवारी दुपारी गेले तर तो उशीला टेकून बसलेला, नाकात नळी, पांघरुणावर एकच कागद आणि तीन बटणं.

"सापडलं," तो म्हणाला.

मी कागद घेतला. तपासणी फेऱ्यांची खोली मोजायची आणि नमुना फोडून झाला की मोजणी शून्यावर आणायची. पण एखादा नमुना चुकीचा लिहिलेला असेल आणि अर्ध्यातून परत केला गेला, तर ती मोजणी तशीच राहायची, आणि सुरुवातीलाच शून्य नसली की तपासणी चालूच व्हायची नाही. मग पुढचा नमुना कितीही वाईट असला तरी तपासणी गप्प. मी दोनदा वाचलं. बरोबर होतं. प्रोग्राममध्ये खरीच चूक होती, बारा वर्षं लपलेली, आणि मरायला टेकलेल्या माणसाने ती भिंगाने शोधून काढली होती. फक्त त्या दिवशी ती घडली नव्हती.

"एकच गोष्ट हवी," तो म्हणाला. दोन शब्दांमध्ये त्याला थांबावं लागत होतं. "त्या दिवशी हा नमुना फोडायच्या आधी तू एखादा चुकीचा टाकला होतास का? कंस राहिला असेल, काहीतरी. कॉम्प्युटरने परत केला असेल. आठवतंय?"

मला लख्ख आठवत होतं. पहिल्याच फटक्यात फुटला होता.

"हो," मी म्हटलं. "कंस राहिला होता."

तो मागे टेकला. त्याने चक्क माझ्याकडे बघितलं, सरळ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मग तुझा दोष नव्हता," तो म्हणाला. "लोक मागून बोलायचे, तिने ओळ बघितली नसेल म्हणून. मला ते ऐकवत नव्हतं. मी म्हणायचो, ती बघते. ती सगळं बघते. पण नुसतं म्हणून काय होतं, दाखवायला नको? आता दाखवता येईल."

मला वाटत होतं की तो स्वतःची चूक शोधतोय. नऊ वर्षं तो माझं निर्दोषपण शोधत होता. मी त्याचा हात धरला. अजूनही वेळ होती, तो जागा होता, शुद्धीत होता, आणि मी काही बोलले नाही. त्याला समाधान मिळालंय, ते आता कशाला मोडा, असं मी स्वतःला सांगितलं. नऊ वर्षं मी दुसरं काहीतरी सांगत होते, त्या दिवशी हे सांगितलं.

"ईलेनला तू सांग," तो म्हणाला. "मला काही आता डोव्हरपर्यंत जाववणार नाही. तिला म्हणावं, कुठे चुकलं ते कळलं. माझंच होतं."

आठ दिवसांनी तो गेला. डोरीनने बटणांचा डबा मला दिला. मी डोव्हरला गेले, ईलेनच्या स्वयंपाकघरात बसून चहा घेतला आणि त्याने सांगितलं होतं तसंच सांगितलं. खिडकीतून लाकडांची रास दिसत होती, मेमध्ये त्यानेच रचलेली, एक ओंडका इकडचा तिकडे नाही.

ईलेनने तिकडे बघितलं. "मला माहीतच होतं," ती म्हणाली. "त्याचं नसतं तर कशाला आला असता दरवर्षी?" मग तिने माझ्यासाठी केक कापला.

ईलेन आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. डोव्हरमध्येच राहते, डोकं शाबूत आहे, ख्रिसमसला मला अजून फोन करते. हे सगळं मी मराठीत लिहिलं, म्हणजे तिला ते वाचता येणार नाही.